पुढे उतारच आहे

सकाळी साडेसहाला जुन्या जकातघरासमोर सहा माणसं बुटांच्या नाड्या आवळत उभी होती, आणि सनावळी त्यांच्या पायांकडे बघून कोण कुठे दमेल याचा अंदाज बांधत होता.

सनावळी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता परवान्याच्या कागदावर तेवढं उरलं होतं. गावातली कुठली भिंत कुठल्या साली उभी राहिली हे तो झोपेतून उठवलं तरी सांगे, आणि न विचारताही सांगे, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं आणि त्यानेही ते मुकाट्याने वापरायला घेतलं. तरुणपणी तो बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीच्या वेळा लिहायला होता. तिथे मिनिटाची चूक झाली तर होडी चिखलात बसते. ती सवय अंगात इतकी मुरली, की बसायला आलेल्या माणसालाही तो खुर्ची किती जुनी आहे ते सांगायचा.

गेली एकोणीस वर्षं पाहुण्यांना हे गाव पळत पळत दाखवणं हा त्याचा धंदा होता. आठ किलोमीटर, सहा थांबे, प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटं इतिहास आणि धाप. इतिहास त्याचा, धाप पाहुण्यांची. पंचावन्न वर्षांचा झाला तरी त्याच्या कपाळावर घामाचा थेंब दिसायचा नाही, आणि याचा पाहुण्यांना मनातून राग येई.

पण खरी गोष्ट पुढच्या माणसाची नव्हतीच. पाठीमागे त्याची थोरली बहीण पळायची. ताई. ती शाळेत शिपाई होती, घंटा द्यायची आणि घंटा झाल्यावर उरलेली पोरं कोपऱ्याकोपऱ्यातून गोळा करून वर्गात ढकलायची. आई गेली तेव्हा सनावळी नऊ वर्षांचा होता आणि ताई पंधराची. तेव्हापासून त्यालाही तिनेच गोळा केलं. दोघांची लग्नं राहून गेली. कोणी खोदून विचारलंच तर ताई म्हणायची, वेळच मिळाला नाही हो, याला रोज शोधून आणायचं असायचं.

त्याने धंदा सुरू केला तशी ती शाळेची नोकरी सोडून त्यात आली आणि स्वतःला शेपूट म्हणवू लागली. परवान्याची अटच तशी होती: पुढे एक, मागे एक. सनावळी पुढे पळायचा, थांब्यावर उभा राहायचा, आणि मागून ताईची हाक आली की मगच तोंड उघडायचा. हाक ठरलेली होती. "सगळे आले." ती ऐकल्याशिवाय अठरा वर्षांत त्याने एकही साल सांगितलं नव्हतं.

मागे राहिलेल्यांना ताई कशी आणायची, यावरून दोघांचं वाजायचं. पाचवा थांबा दीपगृहाचा. तिथे जायला दोन घरांच्या मधून दोनशे चौदा पायऱ्यांची चढण आहे. तिथे भल्याभल्यांच्या नाकी नऊ येत. कोणी मध्येच बसकण मारून विचारलं, किती राहिलं, की ताई बिनदिक्कत सांगायची, आता पुढे उतारच आहे. समोर आभाळापर्यंत पायऱ्या दिसत असताना. माणूस आधी तिच्याकडे बघायचा, मग पायऱ्यांकडे, मग हसायचा आणि उठायचा. वर पोचल्यावर कोणी तक्रार केली तर म्हणायची, उतारच होता, तुम्ही उलटे आलात.

सनावळीला हे अजिबात खपायचं नाही. अगं, एवढ्या पायऱ्या आहेत आणि तू धडधडीत खोटं सांगतेस, असं तो एकदा घरी तावातावाने म्हणाला. ताई भांडी घासत होती. तिने मानही वर केली नाही. "मग काय आकडा सांगू? आकडा ऐकून कुणी उठतं का रे?"

ताईला जाऊन सात महिने झाले होते. फुप्फुसं निकामी झाली होती. सात महिन्यांत सनावळी रडला नाही. भेटायला आलेल्या लोकांना त्याने रुग्णालयाची ती इमारत कधीची ते सांगितलं, लोक एकमेकांकडे बघत उठून गेले. दात काढण्याआधी गाल बधिर करतात आणि मग आपलाच ओठ चावला तरी कळत नाही, तसं त्याचं झालं होतं. एकदा शेगडीवर बोट भाजलं तर फोड कसा वर येतो ते तो शांतपणे बघत बसला. दोरखंडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, दोन खुर्च्या, एकीवर तो बसायचा. सकाळी उठायचं, पळायचं, सालं सांगायची. मागे कोणी नव्हतं, तरी ताईचा कमरेला बांधायचा बटवा तो स्वतःच्या कमरेला बांधायचा, न उघडता.

परवाना या महिन्यात संपत होता. त्याने अर्ज केला होता, की हे काम मी एकटा करीन. त्यावर परवाना देणाऱ्या कचेरीतल्या बाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं, मी स्वतः येऊन पळते आणि बघते, पण कोणी मागे राहिलं तर मला सही करता येणार नाही. सही नाही म्हणजे पळणं नाही. पळणं नाही म्हणजे त्या एका खुर्चीवर दिवसभर बसणं. हे सगळं त्याला नीट समजत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं.

त्या बाई आज हिरवी टोपी घालून सहाजणांत उभ्या होत्या. बाकीच्यांत दोन परिचारिका, ज्या रात्रपाळी संपवून थेट आल्या होत्या आणि तरीही सगळ्यांत टवटवीत दिसत होत्या. एक शाळामास्तर आणि त्यांची बायको. आणि एक भरभक्कम शिंपी, ज्याला डॉक्टरांनी पळायला सांगितलं होतं आणि ज्याने त्या कामासाठी स्वतःच स्वतःला पँट शिवली होती. ती बसायला उत्तम होती, पळायला नव्हती.

जकातघराचा पहिला थांबा इथेच, जागच्या जागी होता. सगळे समोर उभे. तरीही सनावळी तोंड अर्धवट उघडं ठेवून गप्प राहिला. दहा सेकंद गेले असतील. हिरव्या टोपीच्या बाईंनी विचारलं, कुणाची वाट बघताय का. तो नाही म्हणाला आणि साल सांगून मोकळा झाला.

दुसऱ्या थांब्यावर, जुन्या कोठाराच्या दारात, पुन्हा तेच. तिसऱ्यावर, तटाच्या कोपऱ्यावर, परिचारिकांपैकी एक दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. चौथा थांबा गंजलेल्या तोफेचा. तिथे तो इतका वेळ थांबला की मास्तरांनी स्वतःच तोफेबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि जे बोलले ते सगळं चूक होतं. बाईंनी खिशातून छोटी वही काढून काहीतरी टिपलं. सनावळीला ते दिसलं. पुढच्या थांब्यावर अजिबात थांबायचं नाही, पोचलो की बोलायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

आणि तसंच केलं. दोनशे चौदा पायऱ्या चढून तो दीपगृहाच्या ओट्यावर आला, वळला, आणि माणसं दम खात असतानाच त्याने सुरू केलं. पहिला दिवा कधी लागला, काच कधी बदलली, वादळात वरचा मजला कधी पडला. दोन मिनिटांत एकही आकडा न चुकता त्याने सगळं संपवलं. मग हिरव्या टोपीच्या बाई म्हणाल्या, "शिंपी कुठे आहेत?"

ओट्यावर पाचजण होते. सनावळीने पुन्हा बघितलं, तरी पाचच.

बाईंनी वही उघडली नाही, पण त्यांचा चेहरा पुरेसा होता. सनावळी मागे फिरला आणि पायऱ्या उतरू लागला. परवाना गेला, असं त्याच्या मनात आलं, आणि कोणा तिऱ्हाइताबद्दल ऐकावं तसं आलं. उतरताना तो सवयीने पायऱ्या मोजत होता.

शिंपी खालून एकसष्टाव्या पायरीवर, जाळी विणणाऱ्याच्या बंद दारापाशी बसला होता. एक बूट काढून बाजूला ठेवला होता आणि टाचेला हा मोठा फोड आला होता. त्याने सनावळीकडे बघून ओशाळवाणं हसण्याचा प्रयत्न केला. मी हाका मारल्या, म्हणाला, पण मागे कोणीच नव्हतं.

सनावळी खाली बसला आणि त्याने बटवा उघडला. चिकटपट्टी, स्वच्छ मोज्यांचा एक जोड, आणि पुदिन्याच्या गोळ्या. सात महिन्यांत त्या विरघळून कागदाला चिकटल्या होत्या. त्याने पट्टी लावली, मोजा चढवला, एक गोळी कागदासकट शिंप्याला दिली. शिंप्याने ती नखाने सोलून तोंडात टाकली आणि वरच्या पायऱ्यांकडे बघून विचारलं, "किती राहिलं हो?"

एकशेत्रेपन्न. आकडा जिभेवर तयार होता.

हाच प्रश्न त्याला याआधी एकदाच कोणी विचारला होता. पाहुणे नेहमी मागे, ताईला विचारत. त्याच्यापर्यंत तो येतच नसे. रुग्णालयात, खिडकीजवळच्या खाटेवर, नाकातली नळी सरळ करत ताईने विचारलं होतं, "किती राहिलं रे?" नेमक्या त्याच शब्दांत, पायरीवर बसलेल्या पाहुण्यासारखं, आणि तिच्या डोळ्यांत थोडं हसूही होतं. डॉक्टर आदल्याच दिवशी बाहेरच्या बाकावर त्याच्याशी बोलले होते. आणि या गृहस्थाने, ज्याने जन्मभर मिनिट चुकू दिलं नाही, आपल्या बहिणीला खरं उत्तर दिलं. "आठ दिवस. फार तर दहा."

ताई म्हणाली, बरं, आणि भिंतीकडे तोंड केलं. नवव्या दिवशी ती गेली. आकडा बरोबर आला. तिने त्याच्याकडे फक्त एक वाक्य मागितलं होतं, तिचंच, हजार वेळा त्याच्या कानांवरून गेलेलं, आणि तेवढंही त्याला देता आलं नाही.

"अहो, किती?" शिंप्याने पुन्हा विचारलं.

सनावळीने वर बघितलं. पायऱ्या होत्या तिथेच होत्या.

"आता पुढे उतारच आहे," तो म्हणाला.

शिंप्याने त्याच्याकडे बघितलं, मग पायऱ्यांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "हा उतार?"

"हो."

शिंपी आधी नाकातून हसला, मग पोट हलवत हसला, आणि गुडघ्यावर हात देऊन उठला. सनावळी त्याच्या मागे झाला. पाठीवर नुसता पंजा टेकवायचा, ढकलायचं नाही, असं ताई करायची. त्याचाही हात आपोआप तसाच गेला. दोघं मध्ये चारदा थांबले. शिंप्याने वाटेत सांगितलं, की पँट घट्ट होते आहे हे शिंप्याला सगळ्यांत आधी कळतं आणि तोच सगळ्यांत उशिरा कबूल करतो. किती पायऱ्या झाल्या, हे सनावळीला वर पोचल्यावर सांगता आलं नसतं.

ओट्यावर पाचजण उन्हात उभे होते. शिंपी शेवटची पायरी चढला, त्याच्यामागून सनावळी चढला, आणि सनावळीच्या तोंडून मोठ्याने निघालं, "सगळे आले."

आणि तो थांबला. आता पुढचा माणूस बोलेल म्हणून.

कोणी बोललं नाही. पाचजण त्याच्याकडे बघत राहिले. पुढे कोणी नाही आणि मागे ताई नाही, हे त्याला सात महिन्यांनी त्या ओट्यावर कळलं. छातीत असं दुखलं की त्याने कठड्याला हात टेकला. दुखतंय हे ओळखायलाही त्याला जरा वेळ लागला. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायचं असतं हे त्याला सुचलं नाही. शिंप्याने खिशातून रुमाल काढून त्याच्या हातात दिला. कड हाताने शिवलेली होती.

परिचारिका दुसरीकडे बघू लागल्या. मास्तरांची बायको मास्तरांचा हात धरून उभी राहिली, आणि मास्तर एकदाचे गप्प झाले. बऱ्याच वेळाने बाई जवळ आल्या. नियम दोन माणसांचा आहे, आणि आज जे झालं ते बघता एकट्याच्या नावावर मी सही करू शकत नाही, हे त्यांनी हळू आवाजात पण स्पष्ट सांगितलं. सनावळीने मान डोलावली.

"पुढे कुणी मिळतं का बघा," तो म्हणाला. "सालं मी त्याला लिहून देतो. मागे मी आहे."

बाईंनी वही काढली, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, आणि दोन माणसांच्या नावावर असेल तर सही करीन म्हणाल्या. मग त्यांनी सहाव्या थांब्याचा रस्ता विचारला. सरळ खाली, जुन्या धक्क्यापर्यंत. तिथे काय सांगायचं असतं तेही विचारलं. धक्क्याचा पहिला दगड सतराशे बेचाळीस साली टाकला, एवढंच सांगा, तो म्हणाला. बाई तो आकडा पुटपुटत पुढे निघाल्या, त्यांच्यामागे चौघं.

शिंपी लंगडत होता, म्हणून सनावळीही त्याच्या चालीने चालला. हा रस्ता खरोखरच उताराचा होता. शिंपी म्हणाला, खोटं नव्हतं म्हणजे. सनावळीने रुमालाने नाक पुसलं.

धक्क्यावर पोचेपर्यंत पुढची मंडळी दगडांवर बसून समुद्राकडे बघत होती. बाई मात्र उभ्या होत्या, मागे वळून, तोंड अर्धवट उघडं ठेवून. शिंपी बसला. सनावळीने सहा माणसं बघितली.

"सगळे आले," तो म्हणाला.

मग बाईंनी सांगायला सुरुवात केली. हा धक्का फार जुना आहे, याचा पहिला दगड सतराशे बावन्न साली टाकला. साल दहा वर्षांनी चुकलं होतं. सनावळीने ते ऐकलं आणि तसंच राहू दिलं.