हवालीची जनावरं

आमच्या घरमालकांइतका दयाळू आणि त्यांच्याइतका भांडखोर माणूस निजामाच्या सगळ्या मुलखात दुसरा नव्हता. हे दोन माणसांचं वर्णन नाही, एकाच माणसाचं आहे. दयाच त्यांना अशी यायची की समोरचा हात जोडून पळत सुटायचा. मी करोडगिरीच्या नाक्यावर कारकून. सोलापूरकडून येणाऱ्या गाड्या सडकेवर थांबवायच्या, माल मोजायचा, जकात घ्यायची, पावती द्यायची, हे माझं काम. तेव्हा मोजल्याशिवाय मी बोलत नाही एवढं वाचकांनी धरून चालावं. बदली होऊन अणदूरला आलो आणि यांच्याकडे दोन खोल्या पाहायला गेलो. महसूल खात्यातून गिरदावर म्हणून पेन्शनीत निघालेले, बायको वारलेली, एकुलती एक मुलगी गुलबर्ग्याला दिलेली. त्यांनी मला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, जातही विचारली नाही. एवढंच विचारलं, "मुन्शीजी, झोपेत लाथा मारता का?" मला वाटलं, म्हातारा बहकला. अंथरूण पसरलं तेव्हा उलगडा झाला. त्या जागेवर माझ्या आधीपासून एका काळ्या मांजरीचा हक्क होता आणि तो सोडायला ती तयार नव्हती. घरात तेव्हा सहा मांजरं आणि तीन कुत्री होती. मालकांच्या लेखी माझा नंबर दहावा, आणि माझ्या बायकोमुलांचा त्याच्याही खाली. माझ्या खोलीचं माळवद गळायचं. दोन पावसाळे मी तक्रार केली आणि दोन पावसाळे ते "बघतो की" म्हणाले. पुढे माझ्याच खोलीच्या कोनाड्यात काळी मांजरी व्याली आणि पिलांवर पाणी ठिबकलं, तर त्याच दुपारी दोन मजूर आणि गाडीभर पांढरी माती वर चढली. भाडं मात्र मी भरत होतो, मांजरी नव्हे.

बरं, ही जनावरं काही त्यांनी हौसेनं जमवलेली नव्हती. लोक टाकून जात. इतक्या निर्लज्जपणे टाकून जात की आज आठवलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. सडकेवरच्या गाडीवानांनी तर एक रीतच पाडली होती. घरी मांजर व्यालं की पिलं गोणपाटात घालायची, गाडीला अडकवायची आणि नाका ओलांडला की सडकेच्या कडेला गोणपाट झटकायचं. मध्ये सरकारची हद्द आली म्हणजे मांजर माघारी येत नाही, अशी त्यांची समजूत! हे कळलं त्या दिवसापासून गिरदावरसाहेब माझ्या नाक्यावर स्टूल टाकून बसू लागले. मी गुळाच्या ढेपी मोजायच्या आणि यांनी गोणपाटं हुंगायची. "मुन्शीजी," ते सगळ्या गाडीवानांसमोर मला दटावायचे, "सुपारीवर महसूल घेता, काडीपेटीवर घेता, आन् परमुलखातली मांजरं बिनमहसुली आत घेता? कसला नाका हा?" मी म्हणायचो, साहेब, दरपत्रकात मांजर नाही. ते म्हणायचे, "मग घाला!" एकदा एका गाडीवानाची पाच पिलं त्यांनी पकडली आणि ती त्याच्याच डोक्यावरच्या पटक्यात ठेवून गाडी सोलापूरकडे वळवायला लावली. गाडीवान रडकुंडीला आला. "चाचा, घरी म्हातारी कावती की वं!" यावर यांचं उत्तर, "कावू दे. तिला म्हणावं, मांजरं खाली उतरव आन् तू गोणपाटात बस."

टाकलेलं जनावर घरी आणणारे पुष्कळ असतात. ते दुसऱ्याला देताना यांची जी तऱ्हा होती ती मी दुसरीकडं पाहिली नाही. मुलगी द्यावी तसं द्यायचे. आधी स्थळ पाहायला जायचे. घरात दूध किती, शिंकं किती उंच, म्हातारी काठी जवळ ठेवते का, पोरांना शेपटी ओढायची खोड आहे का, सगळी चौकशी. जेवायला थांबायचे, आणि उष्टं कुठं टाकतात ते पाहायचे. माकणीच्या एका पाटलांनी राखणीला कुत्रं मागितलं. घर मोठं, माणसं तालेवार. हे पाहून आले आणि म्हणाले, "न्हाय जमायचं." का, तर पाटील गड्याला हाक मारताना आधी शिवी घालतात आणि नाव मागून येतं. "माणसाला असं बोलवतो, तो कुत्र्याला कसं बोलवल?" पाटलांनी दोनदा निरोप धाडला, यांनी दोनदा नकार कळवला. गावात हसू झालं. मी त्यांना म्हटलं, अहो, कुत्र्याचं आहे, स्वतःच्या मुलीचं इतकं पाहिलं होतंत का? ते गंभीरपणे म्हणाले, "तिचं तिनं सांगितलं असतं. हे सांगल का?"

नमाजाच्या बाबतीत ते काटेकोर होते आणि कुत्र्याची लाळ कपड्याला लागलेली त्यांना चालायची नाही. म्हणून कुत्र्यांसाठी त्यांनी एक वेगळा पायजमा ठेवला होता. अजान झाली की तो दोरीवर आणि धुतलेला अंगावर. नमाज झाली की पुन्हा उलट. दिवसातून पाच वेळा ही कवायत. माझी बायको दोरीकडे पाहून वेळ सांगायची.

मग ते वाईट वर्ष आलं. रझाकारांची दहशत वाढली आणि गावातली पुष्कळ घरं रातोरात बाडबिस्तरा बांधून सोलापूरकडे गेली. मीही बायकोमुलांना धाडलं; नोकरी होती म्हणून स्वतः राहिलो. गाड्या निघाल्या तेव्हा हे वेशीत उभं राहून एकेकाला विचारत होते, "मांजर कुठाय? कुत्रं कुणाला सांगितलं?" लोक म्हणाले, साहेब, जीव वाचवायचा का मांजर? आणि त्यांचं बरोबरच होतं, त्यांना मी बोल लावत नाही. पण बाजारपेठेतल्या किराणा दुकानदार शेटजींनी काय केलं? आपला खंड्या नावाचा कुत्रा राखण म्हणून बंद दुकानाच्या कडीला साखळीनं बांधला, पुढं पाण्याचं गाडगं ठेवलं आणि गाडीत बसून निघून गेले. साखळी सोडायला किती वेळ लागतो? मी स्वतः सोडून पाहिली आहे. चार वेळा डोळे मिटावेत तेवढा.

खंड्यासकट बारा जनावरं त्या वर्षी आमच्या अंगणात आली. ज्वारीची सरकारी लेव्ही घालून घरात उरायचं ते मापानं; मी हिशेब मांडून दाखवला की एवढी तोंडं बसत नाहीत. तो त्यांनी ऐकून घेतला आणि स्वतःची रात्रीची भाकरी बंद केली. रझाकारांची पोरं अंगणाबाहेर थांबून हसायची, "क्या चाचा, पळपुट्यांची कुत्री सांभाळता?" हे भाकरी मोडता मोडता सांगायचे, "हसा. उद्या तुम्ही पळाला तर तुमची बी सांभाळीन."

पण माझं डोकं फिरलं ते पुढच्या प्रकारानं. प्रत्येक जनावराला त्याच्या त्याच्या घरच्या रीतीनंच जेवू घालायचं, असा यांनी नेम धरला! "मुन्शीजी, जनावर अमानत हाय. जसं ठेवलं तसं परत द्यायचं. घरची रीत मोडली तर त्यांनी परत कसं घ्यावं?" शेटजींचं घर शाकाहारी, म्हणून खंड्याला भाकरी आणि वरण. त्या घरी सोमवार पाळतात, म्हणून सोमवारी खंड्याला एकच वेळ, दिवे लागल्यावर. वास येऊन त्याचं मन चळेल म्हणून त्या सबंध वर्षात यांनी आपल्या घरात मांस शिजवलं नाही. बकरी ईदेलासुद्धा भावकीत जेवून, हात तीनदा धुऊन आले. कुलकर्ण्यांच्या मांजरीला एकादशीला दूध आणि शेंगदाण्याचं कूट. कूट ती खायची नाही. ताटलीकडे आणि मग यांच्याकडे अशा नजरेनं पाहायची की मला, एका शाकाहारी माणसाला, तिची कीव यायची. एका एकादशीला तिनं कणगीमागं भला थोरला उंदीर धरला आणि आमच्या दोघांच्या देखत सावकाश खाल्ला. गिरदावरसाहेब कपाळाला हात लावून खाली बसले. मग म्हणाले, "मुन्शीजी, मेहेरबानी करा. कुलकर्ण्यांना सांगू नका."

पुढं पोलीस ॲक्शन झाली. बंद होती ती घरं उघडली, आणि उघडी होती त्यातली काही बंद झाली. अंगणाबाहेर हसणाऱ्या त्या रझाकार पोरांच्या घरच्या दोन मांजरीही आमच्या अंगणात आल्या. ताटल्या दोन वाढल्या.

परतलेल्या लोकांना हे ज्याचं त्याचं जनावर पोचतं करत हिंडले. बहुतेकांनी घेतलं. शेटजींनी परतून दुकान उघडलं त्या दिवशी हे खंड्याला घेऊन तिकडं निघाले, मी बरोबर होतो. खंड्यानं त्यांना लांबून ओळखलं, धावत जाऊन पायांत लोळला, रडल्यासारखा आवाज काढू लागला. शेटजींचे डोळे भरले, त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात ओट्यावरचा कुणीतरी म्हणाला, "गिरदावरसाबांनी वर्षभर घरी ठेवून घेतलं त्याला." शेटजींनी विस्तवावरून घ्यावा तसा हात काढून घेतला.

"मग बाटलं की वं ते," ते म्हणाले, आणि तराजूची दांडी उगारली. "हाड! हाड!"

खंड्याला कळेना. तो दोन पावलं मागं व्हायचा आणि पुन्हा शेपूट हलवत पुढं यायचा.

"काय खाल्लं त्यानं माझ्या घरी?" गिरदावरसाहेब कडाडले. "विचारा मुन्शीजींना!"

मी पुढं झालो. "शेटजी, माझा शब्द तुम्ही मालाच्या बाबतीत कधी मोडला नाही. भाकरी आणि वरण. सोमवारी एक वेळ. हाड त्यानं पाहिलंसुद्धा नाही."

"भाकरीचं न्हाय वं," शेटजी खाली मान घालून म्हणाले. "कुणाच्या हातची, ते हाय."

मी काहीतरी खरमरीत बोलणार होतो, पण गिरदावरसाहेबांनी मला हातानं थांबवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "शेट, खंडोबा सध्या कुठं हाय?"

"कुठं म्हंजे? हितंच. आपल्या अणदुरात."

"आन् मार्गेसर महिना सरला की?"

"नळदुर्गला जातो की, दोन गावांत मूर्ती एकच. तुम्हाला काय ठावं न्हाय का?"

"मला ठावं हाय. नळदुर्गला मी चार वर्षं नोकरी केली. देव तिथं जातो, तिथल्या लोकांच्या हातचा निवद खातो, आन् परत येतो. तो येताना तुम्ही वेशीत दांडी घेऊन उभारता का?"

ओट्यावरची माणसं चुळबुळली. "देवाची गोष्ट येगळी," शेटजी पुटपुटले.

"व्हय, येगळीच!" आता आवाज चढला. "देवाला न्यायचं तर दोन्ही गावचे मानकरी बसतात, करार करतात, हे सोपतात, ते हवाली घेतात. ह्याला तुम्ही साखळीला बांधून गेला. कुणाच्या हवाली केला होता? सांगा ना शेट, कुणाच्या?"

उत्तर आलं ते आतून. शेटजींची म्हातारी आई, जिला सगळी पेठ अव्वा म्हणते, उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. "दांडी ठेव खाली," ती लेकाला म्हणाली. मग यांच्याकडं वळली. "माझ्या हवाली करा, गिरदावर. पर देवाचं करतात तसंच करा. करार करून."

"कसला करार, अव्वा?"

"देव अणदुरात हाय तवर ह्यो माझ्या दारात. देव नळदुर्गला गेला की तुमच्या दारात. देव आला की परत माझ्या. कबूल?"

"कबूल."

अव्वानं आतून भंडारा आणला आणि खंड्याच्या कपाळाला लावला. यांच्या हातावर विडा ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. शेटजी पोत्यावर बसून दुसरीकडं पाहत राहिले. पण कुत्र्याला त्यांनी पुन्हा हाकललं नाही.

त्या थंडीत देव नळदुर्गला गेला आणि अव्वा स्वतः खंड्याला घेऊन आली. देव परतला तशी त्याला घेऊन गेली. पण उन्हाळ्यात गुलबर्ग्याहून मुलगी आली आणि वडिलांना घेऊन गेली. दिवस बरे नाहीत, एकट्यानं राहू नका, असं तिचं म्हणणं. मी राहा म्हटलं. आणखी एकदोघांनी म्हटलं. ज्यांची मांजरं वर्षभर यांच्या ताटातलं खाऊन गलेलठ्ठ झाली होती, त्यांतल्या कितीकांना दोन शब्द बोलायला येऊन जावंसं वाटलं, तो आकडा मी इथं देत नाही. मला याच गावात राहायचं आहे. उरलेल्या जनावरांची स्थळं त्यांनी महिनाभर हिंडून लावली, काळी मांजरी मला दिली, पुढच्या घराला कुलूप घातलं आणि ते गेले.

पुन्हा थंडी आली, देव नळदुर्गला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर काठी वाजली. पाहतो तो अव्वा आणि खंड्या.

"अव्वा, साहेब नाहीत. गुलबर्ग्याला असतात आता."

"ठावं हाय," ती म्हणाली. "बोली त्यांच्या दाराची झालीय. दार हितंच हाय न्हवं?"

ती ओट्यावर टेकली. मी चहा दिला, तो तिनं घेतला नाही, पाणी घेतलं. खंड्या कुलपाखालच्या फटीला नाक लावून बसला. दिवे लागायची वेळ झाली, थंडी वाढली, शेटजींचा माणूस दोनदा बोलवायला येऊन गेला आणि तिसऱ्यांदा आला. अव्वानं पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला आणि त्याला म्हणाली, "थांब जरा. त्याचं हुंगून हुईस्तवर."