शोभेची बंदूक

आज मुलानं इथे आखातात, गुदैबियाच्या आमच्या घरात दाराच्या बिजागरीला तेल घातलं आणि त्या वासानं मला एक जुनी शुक्रवारची दुपार आठवली.

हे स्वयंपाकघरात बसून एक तेलकट बोल्ट कानशीनं घासत होते. माझ्या कणकेच्या परातीतसुद्धा लोखंडाचा कीस उडाला होता.

"काय करताय?"

"मालकाच्या बंदुकीची पिन मोडलीये, गोळीवर आपटते ती. आजोबांची बंदूक आहे म्हणाला, नुसती शोभेची."

"शोभेच्या बंदुकीला पिन कशाला लागते?"

कानस थांबली. ज्याच्या सहीवर आमचा व्हिसा होता, त्याला नाही कसं म्हणायचं, हे दोघांनाही कळेना. शेवटी यांनी जवळजवळ तयार झालेला तो तुकडा पकडीत धरून वाकवला.

दुसऱ्या दिवशी यांनी मालकाला सांगितलं, "मला येत नाही." मालक "खलास", म्हणजे विषय संपला, एवढंच म्हणाला आणि कित्येक दिवस बोललाच नाही. व्हिसा रिन्यू होईपर्यंत मी रोज संध्याकाळी यांना विचारायची, "मालक काही बोलला?"

तेव्हा मला फक्त व्हिसा दिसत होता. आता हे नाहीत. मालकाच्या हिद्दमधल्या वर्कशॉपमध्ये अडलेलं प्रत्येक काम लोक यांच्याकडेच आणायचे. तरी "मला येत नाही" म्हणताना यांना काय वाटलं असेल, हे मी कधी विचारलंच नाही.