चौथीचा आवाज

समस्त कुटुंबीयांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, इंग्लंडातल्या ज्या चौघी गेली कित्येक वर्षं एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या, त्या पुन्हा एकत्र आल्या असून येत्या शनिवारी ॲम्स्टरडॅममध्ये गाणार आहेत. सबब त्या दिवशी या घरात स्वयंपाक होणार नाही. भूक लागल्याचं कळवण्यासाठी कोणीही फोन करू नये.

हे निवेदन मी हूफडॉर्पच्या आमच्या फ्रिजवर चिकटवलं. नवऱ्याने पहिली ओळ वाचली आणि घाबरून विचारलं, "कोण गेलं गं?"

"गेलं नाही, आलं," मी म्हटलं. "माझं तारुण्य."

त्या ग्रुपचं नाव मी घेणार नाही. आमच्या आज्या नवऱ्याचं नाव घेत नसत, त्याच भक्तिभावाने. इतकंच सांगते की मी पुण्यात कॉलेजात होते, घरी नुकतंच केबल आलं होतं आणि एका दुपारी टीव्हीवर चार मुली दिसल्या. कुठल्या तरी इमारतीच्या ओल्या गच्चीवर, रंगीत रेनकोट घालून, थंडीने नाकं लाल झालेली असताना त्या अशा काही नाचत होत्या की जणू जगात त्यांना कोणी ओरडणारंच नव्हतं. मला वाटलं, बिचाऱ्यांना स्टुडिओ परवडला नसेल. पुढे मासिकात वाचलं, खरंच परवडला नव्हता! एक बेकरीत पाव विकायची, दोघी एका शाळेतल्या, आणि चौथी चर्चमध्ये गाणारी. उत्तर इंग्लंडातल्या एका आडगावातून निघालेल्या या पोरी बघता बघता जगभर गाजल्या. त्यांची पोस्टरं आली, बाहुल्या आल्या, शीतपेयाच्या बाटलीवर त्यांचे चेहरे आले. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात भजनांच्या शेजारी त्यांची कॅसेट लागली. मी चौघींतल्या पहिलीसारखे केस कापायला पार्लरमध्ये गेले तर पार्लरवाल्या काकूंनी कात्री हातात धरूनच विचारलं, "घरी विचारलंयस का?" नव्हतं विचारलं. त्याचे परिणाम आठवडाभर घरात घुमत होते.

प्रत्येकीची आपली एक लाडकी असायची. माझी पहिली, कारण ती सगळ्यांवर दादागिरी करायची. कोणाची दुसरी, गोड चेहऱ्याची. कोणाची तिसरी, कारण तिच्यासारख्या उड्या मारता याव्यात असं वाटे. चौथी मात्र कोणाचीच नसे. ती कडेला उभी राही, कधीकधी पडद्यावर अर्धीच दिसे, आणि एकटीने एक ओळही गात नसे.

मग पेपरच्या शेवटच्या पानावर चार ओळींची बातमी आली की चौथीने ग्रुप सोडला. मला फार वाईट वाटलं नाही. तिघी तर होत्याच की! पण त्यांची नवी कॅसेट आणली आणि काहीतरी बिनसलं. तेच आवाज, तेच ठेके, तरी मिठाशिवायच्या वरणासारखं लागे. काय कमी आहे ते मला कळेना. जगालाही कळलं नाही बहुतेक. ती कॅसेट पडली, तिघी भांडल्या, एक टीव्हीवर परीक्षक झाली, एकीने तीन मुलं वाढवली, एकीने स्वतःची गाणी काढली जी तिच्या आईनेच ऐकली असावीत. मी नोकरीला लागले, लग्न झालं, परमिट मिळालं आणि नेदरलँड्सला आले.

तर त्या शनिवारी आम्हीही चौघीच गेलो. मी, माझी शेजारीण, आल्मेरेची एक मैत्रीण आणि फेल्डहोवनहून बस आणि ट्रेन बदलत आलेली चौथी. ही फेल्डहोवनवाली चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मूळची सांगलीची. इतकी गप्प की आमच्या मराठी मंडळाच्या आरतीलाही नुसत्या टाळ्या वाजवते. तिला आमच्यात ओढलं ते शेजारणीने. दोघी कॉलेजात एका वर्गात होत्या.

स्टेजवर चौघी आल्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, गुडघे जपत नाचणाऱ्या. मी रडले, आल्मेरेवाली माझ्याहून मोठ्याने रडली. रेनकोटवालं गाणं सुरू झालं आणि आजूबाजूचा सगळा हॉल गाऊ लागला. तेवढ्यात माझ्या उजव्या कानात काहीतरी वेगळंच यायला लागलं. शब्द तेच, पण चाल भलतीच, खालच्या सुरातली, हट्टाने आपल्याच वाटेने चाललेली. मी वळून पाहिलं. फेल्डहोवनवाली डोळे मिटून गात होती.

"अगं, हे काय गातेयस तू?" मी ओरडले.

तिने डोळे उघडले, लाजली. "चौथीचं."

ट्रेनची वाट पाहताना तिने सगळं सांगितलं. तिची लाडकी चौथी होती. कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकून तिने तिघींच्या खाली दडलेला तो आवाज शोधून काढला होता आणि तोच पाठ केला होता, सगळ्या गाण्यांचा. पण घरी ती एकटीच गायची. तिघी नसताना तो आवाज ऐकणाऱ्याला काय कळणार? आमच्याकडे दहाजणी गायल्या तरी सगळ्या एकाच सुरात गातात. जी वेगळं गाईल ती चुकली. भेंड्यांमध्ये पोरं हसायची. आई म्हणायची, "बाई गं, तुला सूर नाही, तू चित्रं काढ." वडील पेपरात डोकं घालून बसायचे. शेवटी तिने गाणंच सोडलं.

"एकदा तरी," ती प्लॅटफॉर्मकडे बघत म्हणाली, "तिघींच्या जोडीने गायचं होतं गं. लोकांना हसायचं तर हसू देत, पण सगळं ऐकून."

मला असं काही सांगणं म्हणजे वाळल्या गवतावर काडी टाकणं. आल्मेरेची गाडी येण्याआधी मी जाहीर करून टाकलं होतं की गणपतीत, मंडळाच्या कार्यक्रमात, आपण चौघी हेच गाणं म्हणणार.

आता तालमींचं काय सांगू! आम्ही तिघी लहानपणी पेटीसमोर सा रे ग म घोकलेल्या. ती खालच्या सुरात शिरली की शेजारीण तिच्यामागे वाहत जायची, आल्मेरेवाली हसायला लागायची आणि मी कानात बोटं घालून किंचाळत गायचे. माझ्या मुलीने जिन्यावरून विचारलं, "मम्, आर यू ओके?" एकदा तर पलीकडच्या डच आजोबांनी भिंतीवर ठोकलं, आणि दुसऱ्या दिवशी केक घेऊन आले, त्यांना वाटलं आमच्याकडे कोणी आजारी आहे.

"माझ्यामुळे तुमचं बिघडतंय," फेल्डहोवनवाली म्हणायची.

"गप्प बस," आल्मेरेवाली म्हणायची. "बिघडायला आमचं आधी कुठे धड आहे?"

पण एका रविवारी, चहा उकळत असताना, कसं कोण जाणे, जमलं. तिचा आवाज खालून आला आणि आम्हा तिघींना त्याने अलगद उचललं. आम्ही गायच्या थांबलो आणि एकमेकींकडे बघत राहिलो. चहा उतू गेला. वरणात काय कमी होतं, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

गणपती एका शाळेच्या जिममध्ये होते, बास्केटबॉलच्या रिंगखाली मखर. त्याच आठवड्यात फेल्डहोवनवालीच्या आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. पहिल्या रांगेत नऊवारी नेसून, पायात मुलीचे जाड लोकरी मोजे घालून बसल्या होत्या. हातात फोन, त्यावर सांगलीहून तिचे वडील. व्हिडिओ कॉलवर त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं.

माइक तपासताना मंडळाचे सांस्कृतिक सचिव माझ्याजवळ आले. सज्जन माणूस, सकाळपासून मोदक वाटून दमलेला. हळूच म्हणाले, "ताई, त्या कडेच्या वहिनींचा माइक जरा कमी करू का? म्हणजे... सांभाळून घेऊ आपण."

"का हो?"

"त्यांचा सूर जरा... त्यांनाच ऑकवर्ड होईल. आई बसल्यात समोर."

मी जे बोलले ते गणपतीसमोर बोलायला नको होतं. पण सचिवांचं म्हणणं फेल्डहोवनवालीने ऐकलं होतं. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, ही आता सायकल काढून थेट फेल्डहोवन गाठणार. "राहू दे," ती पुटपुटली. "मी नुसते ओठ हलवते. तुम्ही गा."

"शक्य नाही," शेजारीण म्हणाली.

"आईसमोर नको गं."

तेवढ्यात आमचं नाव पुकारलं. चौघी स्टेजवर गेलो. तिचा माइक सचिवांनी बंदच करून ठेवला होता. मी मुद्दाम फुंकर मारून पाहिली. मी माझा माइक तिच्यापुढे धरला. ती बघत राहिली, माझ्याकडे नाही, पहिल्या रांगेकडे. आई फोन उंच धरून सांगत होत्या, "अहो, दिसतेय का? ती कडेची, हिरवी साडी."

मग तिने माइक घेतला. "आधी मी एकटी," ती आम्हाला म्हणाली. "मग एकेक या."

तिने सुरू केलं. तीच खालची, हट्टी चाल. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. सचिवांनी कपाळाला हात लावला. आईंनी फोन खाली घेतला आणि मांडीवर पालथा ठेवला, जणू सांगलीला तरी हे ऐकू जाऊ नये. फेल्डहोवनवाली ते पाहत होती, पण थांबली नाही. दुसऱ्या ओळीला आल्मेरेवाली मूळ चालीत तिला येऊन मिळाली. तिसरीला शेजारीण. मी शेवटी, बिनमाइकची, पण माझ्या घशाला माइकची गरज कधीच नव्हती. आणि ते स्वयंपाकघरातलं तिथे, रिंगखाली, शेसव्वाशे माणसांसमोर पुन्हा घडलं. जी चाल मघाशी वाकडी वाटत होती तिच्यावर सगळं गाणं उभं राहिलं. खुर्च्या गप्प झाल्या. सचिवांचा हात कपाळावरच राहिला.

कडवं संपलं, आम्ही श्वास घ्यायला थांबलो. त्या क्षणभराच्या शांततेत पहिल्या रांगेतल्या आईंनी मांडीवरचा फोन उलटा केला, तोंडाशी धरला आणि सांगलीपर्यंत बिनफोनाचा पोहोचेल अशा आवाजात ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? आपली पोर चुकत नव्हती हो!"