चंद्रावर जाणाऱ्या रिंगेला लावलेलं कुंकू

ताई, अक्षर बघून हसू नकोस. चौथीनंतर हातात पेन्सिल धरली ती गाळ्यात तयार मालाच्या पिशव्यांवर आकडे टाकण्यापुरतीच. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ओळी वर-खाली जातील, त्याची माफी असावी. ही वही तुझ्या नावाने लिहिते आहे, पण पाठवण्याचा धीर होईल असं वाटत नाही. पत्रात तुला नेहमी "आम्ही खुशाल" एवढंच कळवलं. मधल्या चार वर्षांत काय झालं ते कधी लिहिलं नाही.

निघाले तो दिवस तुला आठवत असेल. नालासोपाऱ्याची एसटी त्या दिवशी लवकर आली. आईने फाट्यावरच कुंकू लावलं, हातावर दही दिलं. कंडक्टर ओरडत होता, हे आधीच आत चढले होते. मी घाईत म्हटलं, "जाते गं आई." आई रागावली. "जाते म्हणू नये. येते म्हण." तोवर दार लागलं होतं. मी आतून म्हटलं, पण तिला ऐकू गेलं नाही. ती कानाला हात लावून उभी होती आणि एसटी वळली. पुढच्या शिमग्याला येईपर्यंत आई राहिली नाही.

गावात आपल्याला सगळे आबांच्या मुली म्हणून ओळखायचे. इथे वसईला सातिवलीत मी "वो नई वाली" झाले. ह्यांना गोदामात काम मिळालं, मला जवळच्या गाळ्यात. लहान लहान सुटे भाग बनवतात तिथे. मशीनवरून भाग निघाला की कडेला बारीक कूस राहते, ती भिंगाखाली बघून सुरीने काढायची. आम्ही सहा बायका होतो. मी कोणाशी बोलायचे नाही. जूचंद्र गावची कुसुम माझ्या शेजारी बसायची. तिने पहिल्याच आठवड्यात आपल्या डब्यातलं सुकट माझ्या भाकरीवर वाढलं आणि म्हणाली, "अगो, तुजे तोंडाला कुलूप हाय का? चावी गावाला ठेवून आलीस का काय?" सगळ्या हसल्या. मीही हसले, मान खाली घालून.

अशीच दोन वर्षं गेली, मग ते काम आलं. पांढऱ्या धातूच्या रिंगा, बोटात बसतील एवढ्या. शेठने आम्हाला सुती हातमोजे दिले, नवा पडदा लावला. एक साहेब समजवायला आले. म्हणाले, हे चंद्राच्या यानात बसणार. ते पुढचंही सांगत होते. चंद्रानंतर मंगळ. शेंडीवाल्या धूमकेतूंवरही याने उतरतील, आणि सूर्याभोवती नुसते दगड फिरतात, त्या दगडांची मातीही खरवडून आणतील. त्यांचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा दिसत होता. "तिथे वारा नाही, पाणी नाही, पुसायला माणूस नाही," ते म्हणाले. "इथे चिकटलेला कण तिथपर्यंत जाणार. उडाला आणि कॅमेऱ्यावर बसला तर सगळं फुकट."

कुसुमने विचारलं, "आन परत कवा येनार ते यान?"

"हे येणार नाही. तिथेच राहणार."

साहेब सहज बोलले. माझ्या मात्र मनात आलं, इतक्या लांब जायचं, परत यायचं नाही, आणि निरोप द्यायला कोणी नाही.

शेवटचा ट्रे माझ्या हाताखाली होता. बाकीच्या हात धुवायला गेल्या होत्या. मी हातमोजा काढला, पाकिटातल्या डबीत बोट बुडवलं आणि एका रिंगेला आतल्या बाजूने कुंकू लावलं. आत कोणाला दिसणार, असं वाटलं. हळूच म्हटलं, "येते म्हण." आणि रिंग पिशवीत घालून बंद केली.

चौथ्या दिवशी साहेब परत आले. टेबलावर पांढरा कागद, त्यावर ती रिंग. कागदावर लाल भुकटी सांडली होती. शेठने आम्हाला ओळीत उभं केलं. एका पिशवीत निघालं म्हणजे ट्रेभर कुठेही असेल, साहेब म्हणाले, अख्खा ट्रे बाद. शेठ हातांकडे बघत चालला आणि कुसुमपाशी थांबला. ती त्या आठवड्यात रोज गावच्या देवळात रांगोळी काढत होती. नखांत लाल रंग होता.

"रांगोळीवाली, तूच ना?"

"मी नाय, शेठ. हातमोजे व्हते ना. मना काय म्हाईत?"

"मग आकाशातून पडलं? डबा उचल. हिशेब शनिवारी."

कुसुम आमच्याकडे वळली. "ज्यानं केलाय त्यानं सांगा गो. माजे पोटावर पाय देव नका." माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. माझ्यावर तिचा संशयच नव्हता. माझ्या पाकिटात ती डबी होती आणि पाकीट मी छातीशी धरलं होतं. कुसुमने डबा पिशवीत घातला, चपला घातल्या. ती दारात पोचली तेव्हा मला एसटीचं दार दिसलं. आता नाही बोललं तर हीपण जाईल, न ऐकताच.

"मी लावलं," मी म्हटलं.

कोणाला ऐकूच गेलं नाही. मग ओरडले. "कुंकू आहे ते! मी लावलं!"

कुसुम दारातच कपाळावर हात मारून म्हणाली, "दोन वर्सांनी तोंड उघडलंस, आन उघडून ह्ये बोललीस?"

साहेबांनी ती रिंग कागदासकट जवळ ओढली. त्यांनी विचारलं, का? मी एवढंच म्हटलं, "लांब चालली होती म्हणून." त्यांनी रिंग कागदात गुंडाळली. शेठने हिशेब सांगितला. ट्रेचे चार हजार चारशे, महिन्याला दोनशे पगारातून कापणार, कबूल असेल तर थांब.

घरी हे म्हणाले, "सोड. सातिवलीत गाळे काय कमी आहेत?" मी सोडलं नाही. एकदा घाईत निघाले होते, तेवढं पुरे होतं.

बावीस महिने कापले. कुसुमने पहिले आठ दिवस अबोला धरला, मग सुकट पुन्हा सुरू झालं. शेठने माझं पाकीट बाहेर खिळ्याला टांगायला लावलं, ते अजून तिथेच टांगते. मधे तुझं पत्र आलं, आपल्या गावच्या घराचं छप्पर उतरवलं म्हणून. त्या रात्री मला समजेना, "येते" म्हणून परत जायचं ते आता कुठे. साहेबांचं नवं काम आलं आहे, मंगळासाठी म्हणतात. पहिला ट्रे त्यांनी माझ्यापुढे ठेवायला सांगितला. मी आता फक्त डोळ्यांनी निरोप देते.

परवा पगाराच्या दिवशी शेठने शेवटचे दोनशे कापले, वहीतल्या माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि म्हणाला, "फिटलं." मी खिळ्यावरचं पाकीट काढलं. रोज मी गुपचूप निघते. परवा दारात वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "येते."

आतून कुसुम ओरडली, "ये गो!"