कपाटामागचा खांब

"माणूस खोटं बोलते बाई, नक्शा नाही बोलत." पेन्सिल कानावर खोचत काकाजी हे दिवसातून चारदा म्हणायचे. रायपूरच्या बांधकाम कचेरीत ते ड्राफ्ट्समन, मी त्यांच्या हाताखाली. सरकारी कचेऱ्यांत अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

सिव्हिल लाइन्समधल्या साहेबी बंगल्यावर त्यांचा भारी जीव. बांधणाऱ्या इंग्रजाने विलायतेतल्या आपल्या घराची नक्कल केलेली, भिंतीतल्या शेकोटीसकट. "रायपुरात शेकोटी! काहून, ते त्यालेच ठाऊक." पुढे एका अधिकाऱ्याने त्या शेकोटीत देव मांडले, दुसऱ्याने व्हरांड्याच्या खोल्या केल्या. प्रत्येक बदल काकाजींनी नक्श्यात चढवला.

एक सोडून. एका साहेबांना मोठा हॉल हवा होता. शेकोटीची भिंत काढली, वरचं धुराडं लोखंडी गर्डरवर पेललं. गर्डर आखूड पडला. मग त्याच्या टोकाखाली विटांचा खांब उभारला आणि तो कपाटात लपवला. "मंजूर नक्श्यात खांब नाही, दाखवू नका," साहेब म्हणाले. खांब नसलेल्या नक्श्यावर काकाजींनी सही केली.

ते निवृत्त झाल्यावर बंगल्याचं गेस्टहाऊस करायला घेतलं. कळताच मला घेऊन ते तिथे धावले. कपाटामागचा खांब तोडू नका म्हटल्यावर ठेकेदाराने नक्शा उलगडला. "खंभा कहाँ है, बाबूजी? दस्तखत किसके हैं?"

"मेरे. नक्शा झूठा है."

तो हसला. मी कचेरीत अर्ज दिला. सोमवारी बघू म्हणाले. अर्ज देऊन मी घरी गेले, तिथे ठाण मांडून बसले नाही, याचा मला आजही स्वतःचा राग येतो.

शनिवारी मजुरांनी कपाट तोडलं, मागचा खांबही तोडला. धुराडं छतासकट खाली आलं. विटा वाहणारी एक रेजा त्याखाली गेली. तीस वर्षांचीही नव्हती.

चौकशीत काकाजींनी सगळं सांगितलं. साहेब केव्हाच वारले होते. "सांगतलं साहेबानं, पण हात त माहाच होता ना," मला म्हणाले. त्यानंतर ते कुणाकडे गेले नाहीत. पाचव्या महिन्यात वारले.

त्यांच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी काकूंनी माझ्या हाती एक गुंडाळी दिली. "हे जमा करजो म्हणत होते." त्याच बंगल्याचा नवा नक्शा होता. खांब लाल शाईने भरलेला, शेजारी त्या रेजेचं पूर्ण नाव.

मी तो रेकॉर्ड रूममध्ये नेला. तिथल्या बाबूने नीट पाहिला, गुंडाळून परत माझ्यापुढे ठेवला.

"बंगला तो गया, दीदी. और रेकॉर्ड में मंजूर नक्शा है ना, इन्हीं के दस्तखत का."