खोलीचा ठराव

वडनेरच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले तेव्हा मी विधवा होते, वय ऐन पंचविशीतलं. गावात खोली मिळेना. जो तो विचारायचा, "बाई, सोबत कोन राहीन?" एकटीच राहणार म्हटलं की बोलणं संपायचं. शेवटी हिंगणघाटला मावशीकडे राहून सर्व्हिस मोटारीने ये-जा सुरू केली.

त्या हिवाळ्यात हिंगणघाटला शिक्षकांची सभा भरली. खेड्यावर नेमलेल्या शिक्षिकांना शाळेच्या आवारात खोली मिळावी, असा ठराव मी मांडला. एक वयस्क मास्तर हसले. "बायांचे लाड आहेत हे. गावात खोल्या का कमी आहेत?"

तेव्हा मागून एक गुरुजी उठले. वडनेरच्या शेजारच्याच गावात शिकवायचे, सायकलने जायचे. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, पण गावाच्या लेखी ते महारच. मला वाटलं, हे माझी बाजू घेतील.

"शिक्षिकांलेच काऊन?" ते म्हणाले. "बाई एकट्या म्हणून त्यायले खोली नाई भेटत. उद्या त्यायचा भाऊ आला तं भेटन. मी तं बायको-लेकरं घेऊन गेलतो. जात विचारली अन् वापस पाठवलं."

मला ते झोंबलं. "गुरुजी, भाऊ आला तर खोली भावाला मिळेल. मला नाही."

गुरुजी हळू म्हणाले, "हेबी खरं आहे. पन माझी बायको मास्तरीण असती, अन् एकटी गेली असती, तं?"

त्या बाईला एकटी म्हणून नाकारलं असतं की जातीमुळे, हे तिला तरी कळलं असतं का?

मी ठराव बदलला. खोली हवी त्या प्रत्येक शिक्षकाला ती मिळावी. अध्यक्ष कुरकुरले. "बायांपुरता ठेवा, आत्ता मंजूर करतो. बाकीचं मग पाहू." मी नाही म्हटलं. ठराव पडला.

बाहेर गुरुजी सायकल घेऊन उभे होते. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं असेल.

"बाई, हातचं काऊन सोडलं?"

"तुम्हाला वगळून कसं घेऊ?"

"मले कोनी विचारलं? मी 'घ्या' म्हटलं असतं. अन् मंग माझ्यासाठी भांडा म्हटलं असतं."

ते रागावले नव्हते. थकल्यासारखे दिसत होते. पुढच्या सभेत आम्ही दोघांनी मिळून ठराव मांडला. तोही पडला. बदली होईपर्यंत मी मोटारीने जात राहिले, ते सायकलने.

माझ्या ओळखीची एक शिक्षिका मात्र माझ्याशी पुन्हा धड बोलली नाही. तान्हं मूल माहेरी ठेवून ती दूरच्या खेड्यावर नोकरी करायची. पहिल्या सभेच्या दिवशी एवढंच म्हणाली, "तुझ्या न्यायापायी माझी खोली गेली."

तिचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.