क्नूटच्या रानातला जवस

सेल्मर ट्वेट ब्याण्णव वर्षं पुरी करून गेला, आणि गेला तोही कापणी आटोपल्यावर. ऐन कापणीत गेला असता तर मयताला पाद्री आणि तो स्वतः असे दोघंच जमले असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मसुराचा शेवटचा ट्रक कोठारात रिता झाल्याचं नातवानं वृद्धाश्रमात येऊन सांगितलं तेव्हा सेल्मर म्हणाला, "काही वाईट नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी आटोपला.

"काही वाईट नाही" याच्या वर कॅनडातल्या आमच्या सस्कॅचवानात स्तुतीच नाही. गहू छातीला लागला तरी वाईट नाही, आणि गारांनी झोडपून काढला तरी "याहून वाईट पाहिलंय." सेल्मरनं हे तीन शब्द पिकाला वापरले, टर्कीच्या रश्श्याला वापरले, लग्नाच्या साठाव्या वाढदिवसाला भर सभेत बायकोलाही वापरले. एकदाच बदल केला. दुष्काळाच्या वर्षी पाचवी मुलगी झाली तेव्हा दुपट्यात डोकावून म्हणाला, "पाऊस हवा होता. पण हेही चालेल." ती मुलगी आज अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि अजून हे तोंडावर ऐकवते.

आमच्या चर्चमध्ये रीत अशी, की माणूस गेला की त्याच्या आयुष्याची हकीकत शेजाऱ्यानं वाचायची. घरच्यांना वाचू देत नाहीत. घरचे एक तर रडतात, नाहीतर खरं बोलतात. सेल्मरचा शेजारी मी. जायच्या दोन आठवडे आधी त्यानं मला बोलावून घेतलं.

"आर्ने, माझं तूच वाचणार ना?"

"तू आधी मर तर खरा."

"ते मी बघतो. तू एवढंच लिही की छप्पन साली मी क्नूटच्या रानात जवस पेरला, तो मुद्दाम."

"सेल्मर, चर्चमध्ये वाचायचंय ते."

"म्हणूनच सांगतोय. चर्चमध्ये वाचलं की मग कुणी हसत नाही. हात दे."

मी हात दिला, म्हणजे शब्दच दिला. मरणाऱ्या माणसाचा हात नाकारता येत नाही, आणि सेल्मरची पकड तेव्हाही पान्यासारखी होती.

आता हे प्रकरण काय ते सांगतो. आमची जमीन देवानं पोळीसारखी सपाट लाटली आणि सरकारनं पट्टी लावून तिच्या वड्या पाडल्या. एक वडी एकशेसाठ एकरांची. सगळ्या सारख्या. मे महिन्यात सगळ्या काळ्याभोर असतात, तेव्हा कुठली कुणाची हे सांगायला काहीतरी खूण लागते. छप्पन साली सेल्मरच्या बापानं एक लांबची वडी नव्यानं कसायला घेतली आणि तेवीस वर्षांच्या सेल्मरला सांगितलं, "क्नूट ओसेनचं गंजकं मळणीयंत्र दिसलं की उजवीकडे वळ." सूचना चोख होती. फक्त क्नूटनं ते मळणीयंत्र एप्रिलमध्ये ओढून एक मैल पलीकडे नेऊन ठेवलं होतं.

सेल्मर वळला. ट्रॅक्टरमागे पेरणीयंत्र जोडलं आणि क्नूटच्याच रानात, क्नूटच्याच घरामागे, बापाचं बियाणं दीड दिवस पेरत राहिला. मधे झाडांची रांग होती म्हणून त्याला घर दिसलं नाही. क्नूट पाठ धरून अंथरुणात पडला होता, म्हणून त्याला सेल्मर दिसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी क्नूट काठी टेकत मागच्या दारी आला, ते केवळ निसर्गाच्या हाकेला म्हणून.

"अरे ए गाढवा! कुणाच्या रानात फिरतोयस?"

सेल्मरनं ट्रॅक्टर थांबवला. झाडांकडे पाहिलं, फटीतून घराकडे पाहिलं, क्नूटकडे पाहिलं. आणि आयुष्यात जे एकच वाक्य तो चटकन बोलला, ते तेव्हा बोलला. "क्नूटकाका, तुमची पाठ धरलीय असं कळलं. म्हटलं, हात लावावा."

"हात लावतोयस होय? आणि काय पेरतोयस?"

"जवस."

"मला गहू पेरायचा होता!"

तिथंच त्याचं सोंग उघडं पडलं. मदतीला आलेला माणूस आधी विचारतो, काय पेरायचंय म्हणून. पण सेल्मर ट्वेट शब्द बदलणारा नव्हता. आणि जवस हे लपवायचं पीक नव्हे. जुलैत ते अख्खं रान निळं झालं, जणू आभाळाचा एक तुकडा चुकीच्या पत्त्यावर पडला. आमच्याकडे रविवारी गाड्या काढून बैलगाडीच्या वेगानं दुसऱ्यांची पिकं बघत हिंडायची पद्धत आहे. एरवी हे प्रार्थनेनंतर. पण जवसाची फुलं दुपारपर्यंत गळतात, म्हणून त्या जुलैत लोक प्रार्थनेच्या आधीच निघायचे. देवालाही तेव्हा थोडं थांबावं लागलं.

पुढच्या वर्षी क्नूटची मुलगी बोर्गहिल्ड सेल्मरशी लग्न करून मोकळी झाली. हे कसं जमलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. सेल्मर म्हणायचा, "माझी परोपकारी वृत्ती तिला आवडली."

त्यानंतर त्यानं पाच मुली वाढवल्या, चौदा नातवंडं पाहिली. प्रत्येक मुलीला नवव्या वर्षी रानात ट्रकच्या स्टिअरिंगवर बसवून स्वतः खाली उडी मारली. तीच त्याची ड्रायव्हिंग शाळा. हाक मारताना पाचही नावं आणि मधे एक कुत्र्याचं नाव घेऊन मग हव्या त्या मुलीवर यायचा. पण जवसानं त्याची पाठ सोडली नाही. शरद ऋतूतल्या गावजेवणात तो बसायला गेला की कुणीतरी विचारायचंच, "सेल्मर, खुर्ची तुझीच ना?" गाडीचं दार उघडलं की, "बघ रे, तुझीच ना?" त्याच्या लग्नात हा प्रश्न कुठं विचारला गेला असेल ते मी इथं लिहीत नाही, पाद्रीही वाचतात. नातू डेरेकनं उपग्रहावर चालणारा ट्रॅक्टर घेतला, जो आपण कुठल्या रानात आहोत हे स्वतःच सांगतो, तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, हे छप्पन साली असतं तर आम्ही कुणी जन्मलोच नसतो." सेल्मर म्हणाला, "मी मुद्दाम गेलो होतो." एकोणसत्तर वर्षं हेच. हसायचा नाही, चिडायचाही नाही. पण रात्री उशीवर डोकं टेकताना त्याला ते खुपत असणार, नाहीतर मरताना माणूस बँक, जमीन, मुली सोडून जवसाचं नाव कशाला काढेल?

मयताच्या आदल्या दिवशी मी कागद घेऊन बोर्गहिल्डवहिनींकडे गेलो. नव्वदीची बाई पावांना लोणी लावत बसली होती. स्वतःच्या नवऱ्याच्या मयताचं जेवण दुसरीच्या हाती द्यायला ती तयार नव्हती.

"वाचा, भावजी."

मी वाचलं. 'मुद्दाम' आलं तशी सुरी थांबली.

"हे खोडा."

"वहिनी, मी त्याला हात दिलाय."

"मी एकोणसत्तर वर्षं गप्प बसले ती घरात. देवाच्या घरात खोटं नाही चालायचं. वाचलंत तर मी उठून उभी राहीन."

"भर मयतात?"

"मयत माझ्या नवऱ्याचं आहे. मला कोण बसवणार?"

त्या रात्री मी तो शब्द चारदा खोडला आणि पाचदा लिहिला. मेलेल्याला दिलेला शब्द मोडावा, की जित्या बाईला चर्चमध्ये उभं करावं?

चर्च गच्च भरलं होतं. निम्मे लोक दुःखानं आले होते, निम्मे जवसाचं काय वाचतात ते ऐकायला. मी जन्म वाचला, शाळा वाचली, छप्पन सालाशी आलो. पहिल्या बाकावर वहिनी पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. मी डोळे मिटले. "मे महिन्यात सेल्मरनं क्नूट ओसेन यांच्या रानात जवस पेरला. मुद्दाम."

मागं कुणीतरी खोकलं. वहिनी उभ्या राहिल्या. धाकटीनं त्यांची बाही ओढली, त्यांनी सोडवून घेतली.

"भावजी, तो शब्द राहू दे. शब्द खरा आहे, माणूस चुकलाय. तो रान चुकलाच होता. मुद्दाम केलं ते मी."

वहिनींनी पर्स बाकावर ठेवली.

"पहिल्याच दिवशी सकाळी झाडांच्या फटीतून मला तो दिसला. बाबा आतल्या खोलीत कण्हत होते. त्यांना सांगितलं असतं तर तिथंच थांबलं असतं. मी नाही सांगितलं. दोन वर्षं हा माणूस मागच्या बाकावरून माझ्या मानेकडे बघत होता, तोंडातून शब्द नाही. म्हटलं, आता आलाच आहे तर पेरू दे. मी कॉफी आणि केक घेऊन गेले. मला म्हणाला, एवढ्या लांबून चालत आलीस? आमचं मागचं दार तिथून शंभर पावलांवर होतं. मी म्हटलं, हो, फार लांबून."

"आणि त्याला हे कधी सांगितलं नाहीस, आई?" थोरली ओरडलीच.

"सांगून काय करू? फुगला असता." वहिनी खाली बसल्या, मग मला म्हणाल्या, "वाचा पुढं. पाव वाळतायत."

मी पुढं वाचलं, पण ते कुणी ऐकलं नाही. इतक्या मोठ्यानं हसणारं मयत मी पाहिलं नव्हतं. पाद्रीनं रुमालात तोंड खुपसलं होतं, तो रडत होता असं आपण समजू.

मग टेकाडावरच्या दफनभूमीत गेलो. ट्वेट आणि ओसेन यांच्या जागा तिथं शेजारी शेजारी आहेत, आणि मधे कुंपण नाही. पेटी खाली सोडणार, एवढ्यात गावातल्या सत्त्याऐंशी वर्षांच्या आयनारला राहवेना. त्यानं टोपी छातीशी धरली आणि हळूच विचारलं, "नीट मोजलंत ना? खड्डा ह्याचाच आहे ना?"

सगळे वहिनींकडे बघायला लागले.

"चुकला असला तरी राहू दे तिथंच," वहिनी म्हणाल्या. "मी कॉफी घेऊन येईन."